गुण आणि शेजार

घरातील संगीतयंत्रात एखादा लहानसा भाग स्वहस्ते जोडावयाचा म्हटले म्हणजे जोडणी सोपी ठरते आणि निवड अवघड जाते. आमचे काम तर अगदी माफक होते. आवाजाची खुंटी टेबलाशी आणि ध्वनिवर्धक पलीकडच्या भिंतीशी, यामुळे मधली तार लांबली व भजनातील टाळांची किणकिण मंदावली. कारण उघड आहे. ५०,००० ओहमची खुंटी विद्युद्दृष्ट्या मध्यावर असली म्हणजे पुढील तारेला ती १२,५०० ओहमच्या रोधासारखी भासते. तारेची धारिता १,००० पिकोफॅरड असली, तर सुमारे १२,७०० हर्ट्झला ध्वनीची शक्ती निम्मी होते आणि त्यावर घसरतच जाते.

यावर उपाय म्हणजे मध्ये बफर बसविणे. बफर आवाज वाढवीत नाही. मागल्याकडून जवळजवळ काही घेत नाही आणि पुढल्याला मात्र सढळ हाताने देतो. ऑप-अँप नावाच्या चिपचे निर्गत टोक तिच्याच उलट्या आदानाला जोडले की बफर सिद्ध झाला. पण चिप कोणती घ्यावी?

गुणपत्रिका पाहून निवडावयाचे तर प्रश्नच उरत नाही. एक हर्ट्झच्या पट्ट्यात स्वतःची कुजबुज एलएम४५६२ची २.७ नॅनोव्होल्ट, एनई५५३२ची ५, ओपीए२१३४ची ८. पहिली सर्वांत शांत, म्हणून तीच उत्तम, असे कोणीही म्हणेल. परंतु १९२८ साली जॉन्सन व नायक्विस्ट यांनी दाखवून दिले की, कोणताही रोध उष्णतेमुळे आपण होऊनच कुजबुजतो. आमच्या १२,५०० ओहमची ही कुजबुज १४ नॅनोव्होल्टांहून अधिक आहे. शिवाय प्रत्येक चिपच्या आदानातून चंचल प्रवाहही वाहतो, आणि त्या रोधातून जाताना त्याचाही गोंगाट होतो. सर्वांची बेरीज केली तर एलएम४५६२ सुमारे २५ वर जाते, एनई५५३२ साडेसतरावर आणि ओपीए२१३४ साडेसोळावर थांबते! कागदावर जी सर्वांत शांत, तीच या शेजारात सर्वांत गोंगाटी ठरली.

अर्थात २ व्होल्टांच्या संगीतापुढे हा सारा गोंगाट व्होल्टाच्या काही दशलक्षांश भागांचाच; कानाला तो ऐकू येणे नाही. निर्णय दुसऱ्याच गोष्टीने झाला. एनई५५३२च्या आदानातून सामान्यतः २०० नॅनोअँपिअर स्थिर प्रवाह वाहतो. मध्ये संधारित्र नसेल तर खुंटीवर त्याचा अडीच मिलिव्होल्टपर्यंत दाब पडतो. खुंटी फिरविताना तो बदलतो आणि खरखर होते. ओपीए२१३४चा हा प्रवाह नगण्य आहे. आम्ही तीच घेतली. वीजपुरवठ्याच्या टोकांशी ०.१ मायक्रोफॅरडची संधारित्रे दिली आणि लांब तारेमुळे चिप स्वतःच कंप पावू नये म्हणून निर्गतीवर १०० ओहमचा रोध ठेवला.

एनई५५३२ म्हणून कमी प्रतीची ठरत नाही. मागे रोध थोडा असेल तेथे आम्ही तीच निःशंकपणे बसवू. गुणपत्रिका खोटी नसते, ती अपुरी असते. कोणाच्या शेजारी बसावयाचे आहे, हे तिला ठाऊक नसते. माणसे निवडतानाही हा हिशेब आपण कितीदा करतो?