अनुस्वार दिसेपर्यंत

माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात सव्वीस हजारांचं एक यंत्र दोन वर्षं पडून होतं. तळहातापेक्षा थोडं मोठं, पाच इंची पडद्याचं, छापील अक्षरं मोठी करून दाखवणारं. दिवाळीच्या साफसफाईत मी ते पुसायचे आणि जागच्या जागी ठेवायचे.

मला स्टारगार्ट हा दृष्टिपटलाचा आजार आहे. नजरेचा मधला भाग विशीतच विरत गेला. कडेचं दिसतं, म्हणून सांगलीच्या रस्त्यांवरून एकटी चालते. पण जिथे नजर लावावी, नेमकं तेवढंच पुसलं जातं. समोरच्याचा चेहरा बघायचा तर मला त्याच्या कानाकडे बघावं लागतं. आई होती तोवर विजेचं बिल, औषधाची तारीख, किराण्याची यादी तिनेच वाचून दाखवली. ती गेली आणि दादा पुण्याहून आला. "इथं एकटी कशी राहणार तू? चल माझ्याकडे." मी म्हटलं, "दादा, मला एक वर्ष दे."

त्या वर्षाच्या धास्तीत मी ते यंत्र घेतलं. विक्रेत्याने मोबाइलवर चित्रफीत दाखवली, हप्ते बांधून दिले. आठ दिवस वापरून बघू का, असं विचारलं तर म्हणाला, "खोका उघडला की परत घेत नाही, मॅडम."

मी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. आपल्या लिपीत केवढा अर्थ एका ठिपक्यावर टांगलेला असतो! अनुस्वार दिसला नाही की भांड्याचं भाडं होतं आणि रंगाची रग होते. तो ठिपका मला दिसावा इतकं अक्षर मोठं केलं, की त्या पडद्यावर तीनच अक्षरं मावायची. यंत्र सरकवत ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत ओळीची सुरुवात मनातून गेलेली असायची. एका उत्तरपत्रिकेला पाऊण तास लागला, त्या रात्री मी ते कपाटात ठेवलं.

पुढे कुणीतरी सुचवलं म्हणून मुंबईला लो व्हिजन क्लिनिकमध्ये गेले. तिथल्या ताईंनी पहिला तासभर कुठलंही उपकरण हातात दिलं नाही. डोळा कुठे ठेवायचा, तेवढंच शिकवलं. मधला भाग निकामी असला तरी त्याच्या शेजारचा शाबूत असतो. मी शिरोरेषेच्या जरा वर नजर ठेवली की खालचा शब्द उमटतो, हे मला वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी कळलं. मग एकामागून एक भिंगं निघाली. वीस डायॉप्टरचं भिंग कागदापासून फक्त पाच सेंटिमीटरवर धरावं लागतं, आणि भिंग जितकं जोरकस तितकी त्याची खिडकी लहान. म्हणजे सगळ्यांत ताकदीचं ते सगळ्यांत चांगलं, असं नाहीच. माझ्या डोळ्याला जुळलं ते दिवा बसवलेलं, पायांवर उभं राहणारं भिंग. किंमत साडेतीन हजार. शिवाय ताईंनी काळ्या पुठ्ठ्यात एका ओळीएवढी चीर पाडून दिली. ती पानावर ठेवली की आजूबाजूच्या ओळी झाकल्या जातात. तिचे पैसे घेतले नाहीत.

मी पिशवीतून माझं यंत्र काढून दाखवलं. त्यांनी ते चालू करून बघितलं आणि म्हणाल्या, "वाईट नाही हो हे. तुमच्या डोळ्यासाठी नाही, एवढंच."

मला तेव्हा सव्वीस हजारांपेक्षा त्या दोन वर्षांचं वाईट वाटलं. उपकरणं महाग आहेतच. परदेशी बनावटीचं टेबलावरचं मोठं यंत्र लाखाच्या पुढे जातं. साहाय्यक साधनांसाठी केंद्र सरकारची एडिप योजना १९८१ पासून आहे, पण तिला उत्पन्नाची मर्यादा आहे आणि माझा पगार तिच्या वर जातो. त्याबद्दल माझी तक्रार नाही, माझ्यापेक्षा गरजू पुष्कळ आहेत. पण वस्तू विकत घेतलेली असो की फुकट मिळालेली, डोळ्याला लावून न बघता आली तर ती माळ्यावरच जाते. चपलेचं दुकानही आपल्याला चार पावलं चालून बघू देतं.

फोनने मात्र घर सावरलं. बारा हजारांच्या साध्या फोनमध्ये पडद्यावरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक आधीपासूनच असतं. संगणकावर तेच काम करणारं एनव्हीडीए आहे. मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी ते उभं केलं आणि जगाला विनामूल्य दिलं. नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं २०२० साली आलेलं 'मनी' ॲप आहे. गोळ्यांच्या चंदेरी पाकिटावर चंदेरीच ठशात उमटवलेली तारीख मात्र फोनलाही धड वाचता येत नाही. म्हणून औषधवाल्या काकांकडून ती काळ्या मार्करने ठळक लिहून घेते. स्वयंपाकघरात गॅसच्या आणि मिक्सरच्या बटणांवर एम-सीलचे ठिपके लावलेत. आधी टिकल्या लावल्या होत्या, त्या पाण्याने निघायच्या. दूध तापलं की शिट्टी देणारा मिल्क कुकर आईचाच आहे. इंडक्शन घ्यायला गेले तर बहुतेक सगळे गुळगुळीत काचेचे, बोटाला काही लागेचना. दाबायच्या बटणांचा एक जुना नमुना मिळाला, त्यासाठी चार दुकानं फिरले. दुकानात कार्डाचं यंत्र काचेचं निघालं की माझा पिन मला दुसऱ्याला मोठ्याने सांगावा लागतो. तिथे मी रोखच देते.

वर्ष संपल्यावर दादाने पुन्हा विचारलं नाही.

गेल्या महिन्यात तासगावहून एक मुलगी वडिलांना घेऊन माझ्याकडे आली. काचबिंदूने त्यांची कडेची नजर गेलेली. मधे नळीतून बघावं तेवढंच उरलेलं. माझं भिंग त्यांना चालेना. मग मी खालच्या कप्प्यातलं यंत्र काढलं, अक्षरं फार मोठी न करता काळ्यावर पांढरी केली. तो छोटा पडदा त्यांच्या नजरेत नेमका मावला. त्यांनी खिशातून सातबारा काढला आणि एकेक नाव बोट ठेवून वाचत गेले. अर्धा तास कुणी बोललं नाही.

मुलीने किंमत विचारली. मी सांगितली. ती गप्प झाली.

"हे तुम्ही घेऊन जा, काका," मी म्हटलं. "महिनाभर वापरून बघा. मग ठरवू."

त्यांनी यंत्र रुमालात गुंडाळलं आणि मुलीला म्हणाले, "घरी गेल्यावर फेरफाराचे कागद काढ गं."