गोधडीची पाठ बघतात हो, पाठ!

पुढून कितीही नटवा. परीक्षक बाई खूण करतात, दोन मदतनीस गोधडी उलटी करतात आणि खरी परीक्षा तिथून सुरू होते. हे मला या उन्हाळ्यात कळलं आणि तेव्हापासून भेटेल त्याला मी धरून धरून सांगतेय. टाका सुरू कुठे झाला, संपला कुठे, गाठ कुठे लपवली, सगळं पाठीवर लिहिलेलं असतं! आणि आपण जन्मभर गोधडीचा चेहराच बघत बसतो.

आम्ही राहतो नेब्रास्कात, लिंकन शहराजवळ. इथे दर उन्हाळ्यात काउंटी फेअर भरतो, म्हणजे इथली जत्राच. एका शेडमध्ये वासरं आणि डुकरं, दुसऱ्या शेडमध्ये जॅमच्या बरण्या, डेलियाची फुलं आणि हाताने शिवलेली क्विल्टं. सगळ्यांना परीक्षक, सगळ्यांना फिती. मी इतकी वर्षं तिथे भाजलेली कणसं खाऊन परत येत होते! यंदा शेजारच्या आजींनी माझी गोधडी मागच्या अंगणात वाळत घातलेली पाहिली आणि दुसऱ्या दिवशी नियमांची पुस्तिकाच आणून हातात ठेवली.

गोधडी आईच्या आणि मावशीच्या सुती लुगड्यांची. आत कापूस नाही, लुगड्यांचेच थर. वर रंगीत ठिगळं, आणि कडेपासून आत आत फिरत गेलेला धावदोरा. साताऱ्याची मावशी व्हिडिओ कॉलवर समोर बसून शिकवत होती. तिला बातमी सांगितली तर म्हणाली, "अगं, पांघरायच्या वस्तूचे कसले गुण द्यायचे? ऊब आली की पास!"

पण ती पुस्तिका! मी ती रात्री कादंबरीसारखी वाचली. कडा सरळ हव्यात, कोपरे काटकोनात हवेत, आखणीची रेघ दिसता कामा नये, दोऱ्याचं शेपूट नको, गडद कापडाची शिवणीतली घडी फिक्या कापडातून डोकावायला नको. कुत्र्या-मांजराचा एक केस नको. वाससुद्धा नको! धुराचा नको, अत्तराचा नको, फोडणीचा तर मुळीच नको. हापूसच्या पेटीवर नाक टेकवावं तशी मी गोधडी हुंगत सुटले. नवरा म्हणाला, "जिरं-मोहरी येतेय." झालं! ती सौम्य साबणाने पुन्हा धुतली, आणि निकाल लागेपर्यंत आमच्या घरी फोडणी बंद.

आखणीच्या पेनांचं तर वेगळंच शास्त्र निघालं. निळ्या शाईचं पेन पाण्याने जातं, पण त्याआधी इस्त्री फिरली तर रेघ पक्की बसू शकते. जांभळी शाई हवेनेच उडते. आणि ते फ्रिक्शन पेन, ज्याची शाई इस्त्रीच्या उष्णतेने गायब होते, ती कडाक्याच्या थंडीत परत उगवू शकते! नेब्रास्काच्या जानेवारीत गाडीत राहिलेल्या क्विल्टवर सगळा आराखडा पुन्हा उमटला तर काय घ्या! मावशी आखायला मुळी काही वापरतच नाही. नखाने चुणी पाडते आणि त्यावर सुई चालवते. नख धुवावं लागत नाही.

मग काटकोन. दोन्ही कर्ण मोजायचे, ते सारखे आले पाहिजेत. नसतील तर ओली गोधडी सपाट अंथरायची, कडा हलक्या हाताने ओढून टाचण्या मारायच्या आणि पंख्याखाली तशीच सुकू द्यायची. दिवाणखान्याच्या गालिच्यावर चादर, तिच्यावर गोधडी आणि मी मोजपट्टी घेऊन रांगत या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. इथे मात्र मी हट्ट धरला. धावदोऱ्याने लुगड्यावर ज्या बारीक लाटा उठतात, त्या ताणून सपाट करायच्या नाहीत. कडा तुमच्या नियमाने, पोट आमच्या रीतीने.

टाक्यांबद्दल मला धाकधूक होती. इथल्या हातशिलाईत इंचाला दहा टाके, तेही फक्त पुढच्या बाजूने मोजून, ही कौतुकाची खूण. लुगड्यांच्या चार-पाच थरांतून जाड दोरा ओढताना दहा कुठून आणायचे? पण जाणत्या परीक्षकांना संख्येपेक्षा सारखेपणा महत्त्वाचा वाटतो, पुढचा टाका आणि मागचा टाका जुळ्यासारखा हवा. सारखेपणा! त्यासाठीच तर मावशी माझे टाके उसवायला लावायची. "एक उंदराचा, एक हत्तीचा घालू नकोस."

वरच्या कडेला पाठीमागून चार इंच रुंदीची कापडी नळी शिवायची, तिच्यातून दांडी जाते आणि क्विल्ट भिंतीवर टांगतात. नळी थोडी सैल ठेवायची, नाहीतर दांडीचा फुगवटा पुढून दिसतो. कडेची पट्टी मी इरकलीच्या काठाची लावली होती. ती आतून भरलेली हवी, पोकळ नको. कोपऱ्यात तिरकी घडी येते, ती टाक्यांनी बंद हवी. परीक्षक बोटाने चाचपून बघतात म्हणे!

प्रवेशपत्रिकेत ठिगळं कोणी जोडली आणि टाके कोणी घातले, असे दोन वेगळे प्रश्न होते. मला वाटलं, कारकुनी असेल. पण १९३३ सालच्या शिकागो जागतिक प्रदर्शनात सीअर्स कंपनीने क्विल्टची स्पर्धा घेतली होती, तिला सुमारे चोवीस हजार क्विल्टं आली. हजार डॉलरचं पहिलं बक्षीस केंटकीच्या ज्या बाईंना मिळालं, त्यांनी त्यात एक टाकाही घातला नव्हता! शिवणाऱ्या बायका मजुरीवरच्या. ते क्विल्ट तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्टना भेट गेलं आणि नंतर त्याचा पत्ताच लागला नाही. मी दोन्ही प्रश्नांपुढे माझं नाव ठळक अक्षरात लिहिलं.

या भरात लिंकनमधलं इंटरनॅशनल क्विल्ट म्युझियमही पाहून आले. १९९७ साली आर्डिस आणि रॉबर्ट जेम्स या दांपत्याने आपल्या संग्रहातली सुमारे साडेनऊशे क्विल्टं इथल्या विद्यापीठाला दिली, तिथून ते सुरू झालं. आज साठाहून जास्त देशांतली हजारो क्विल्टं तिथे आहेत, आणि त्यांत भारतातलीही. इतकी वर्षं घरापासून एवढ्या जवळ!

परीक्षणाच्या दिवशी प्रेक्षकांना बसू देतात. नावाची चिठ्ठी पाठीवर शिवलेली, पण तेवढ्यापुरती कापड टाचून झाकलेली. पांढरे हातमोजे घातलेले मदतनीस एकेक क्विल्ट उलगडतात, परीक्षक बाई बोलत जातात, शेजारची लेखनिक उतरवून घेते. आधी एक चांगली गोष्ट, मग एक सुधारायची, अशी तिथली पद्धत. मुलांच्या फोर-एच क्लबच्या विभागात तर एकमेकांशी तुलनाच नाही. प्रत्येक वस्तू ठरलेल्या निकषांवर मोजतात आणि निळ्या फितीच्याही वर जांभळी असते. आपल्या शाळांनी हे आजच्या आज उचलावं.

माझी गोधडी उलटली. बाईंनी पाठीवरून बोट फिरवलं, थांबल्या, परत फिरवलं. टाक्यांची लय पुढे-मागे सारखी, म्हणाल्या. कापडाच्या लाटा जिवंत वाटतात. खालचा डावा कोपरा मात्र किंचित पोकळ! लाल फीत, म्हणजे दुसरा नंबर. निळी गेली एका शेतकरी आजोबांना, ते हिवाळाभर हाताने क्विल्ट शिवतात. त्यांच्या क्विल्टची पाठ मी पाहिली, आणि खरंच सांगते, ती पुढच्यापेक्षा देखणी होती.

मावशीला फोन लावला. "लाल चांगला रंग आहे," ती म्हणाली, "पण कोपरा पोकळ कसा राहिला? दाखव बघू." आता ट्रंकेतली तिची दोन चांदण्यांची लुगडी मी मागून ठेवली आहेत, आणि कोपरा कसा भरायचा त्याची शिकवणी या रविवारपासून.