आईंच्या खोलीतल्या वेली



मागच्या महिन्यात मंडळाच्या ग्रुपवर मी आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या खोलीचा फोटो टाकला होता. खिडकीभोवती वेली, फळ्यांवर कुंड्या. त्यानंतर कितीतरी जणींनी विचारलं, कुठून आणल्या, काय घालता, आमच्या हॉलमध्ये जमेल का. एकेकीला सांगणं झालं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. पण एक गोष्ट आधीच कबूल करते. फोटोतल्या वेली दुसऱ्या खेपेच्या आहेत. पहिल्या खेपेला सहा आणल्या होत्या, त्यातल्या चार माझ्या हातून गेल्या. ते फोटोत दिसत नाही.

आई शहाऐंशीच्या. मागच्या फाल्गुनात मोरीत पाय घसरला, मांडीचं हाड मोडलं आणि तेव्हापासून त्या पलंगावर. मंदिर सुटलं, सामायिक पलंगावरच. समोर दहा बाय बाराच्या खोलीची पिवळी भिंत आणि पूर्वेची एक खिडकी. दिवसभर त्या भिंतीकडे बघून त्यांचं बोलणं कमी कमी होत चाललं. मला ते बघवेना. दुकानातल्या जुन्या रॅकच्या दोन फळ्या निघाल्या होत्या. सुताराकडून त्या भिंतीला लावून घेतल्या आणि नर्सरीतून मनी प्लांटच्या सहा कुंड्या आणल्या. वरच्या फळीवरून वेली खाली सोडल्या. खोली एकदम गार वाटायला लागली.

आईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "काहून वं सूनबाई, या जीवाले असं टांगून कायले ठेवलं?"

मी म्हटलं, "आई, शोभा येते. मी काही तोडत नाही, उलट वाढवतेच आहे."

"वाढवतं त मंग जमिनीत लाव. आपण चौदसले हिरवी भाजी खात नाई, अन् इथं हिरवं लटकवून पाहत बसायचं?"

वनस्पती हा एकेंद्रिय जीव आहे हे आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. पण पाठ असणं वेगळं आणि पलंगावरून कोणीतरी रोज आठवण करून देणं वेगळं. मला रागच आला. यांच्यासाठी केलं आणि यांनाच नको!

माझ्या बाजूने बोलायला पुण्याच्या मुलाने एक फॉरवर्ड पाठवला. मनी प्लांट हवा शुद्ध करतो, नासाने सिद्ध केलंय. मी बी.कॉम. झालेली, आकडा आला की तपासल्याशिवाय राहवत नाही. नासाचा १९८९ चा अभ्यास खरा आहे, पण तो बंद पेटीत केलेला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी अशा जुन्या प्रयोगांचे आकडे परत मांडले. नुसती दारं-खिडक्या असलेल्या घरात जेवढी हवा बदलते, तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असं त्यांचं उत्तर आलं. आईंची खोली साधारण ११ चौरस मीटर. म्हणजे कमीत कमी ११० कुंड्या! आईंना झोपायला जागा उरली नसती. तेव्हा ते कारण मी खातेवहीतून खोडून टाकलं. वेली डोळ्यांसाठी आणि मनासाठी लावायच्या, हवेसाठी खिडकी उघडायची.

मग पावसाळा लागला. मी उन्हाळ्यातल्यासारखंच रोज तांब्याभर पाणी घालत होते. माती वाळतच नव्हती. श्रावणात खोलीत बारीक काळी चिलटं दिसू लागली. आधी दोन-चार, मग आईंच्या डोळ्यांशी, दुधाच्या पेल्यावर. ओल्या मातीच्या वरच्या थरात त्यांची अंडी होतात, तिथेच अळ्या वाढतात. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, स्प्रे मार, दोन मिनिटांचं काम आहे." दुकानदारानेही बाटली काढून ठेवली होती.

मैत्रिणींनो, ऐन चातुर्मासात मी ती बाटली हातात धरून उभी होते. शोभेसाठी मी एक जीव आणला, माझ्या चुकीने त्यात शेकडो त्रस जीव जन्मले आणि आता त्यांना मारायला निघाले. हा हिशेब कुठल्याच बाजूने जुळेना. आपण पाणी गाळतो तेव्हा गाळण्यावरची जीवाणी मोरीत ओतत नाही, जिथलं पाणी तिथे परत सोडतो. तेच आठवलं. बाटली परत केली. सगळ्या कुंड्या उचलून परसात नेल्या आणि मातीसकट वेली कडुनिंबाखाली जमिनीत लावल्या. चार वेलींची मुळं आधीच सडलेली होती, त्या गेल्या. त्या संध्याकाळी प्रतिक्रमणात मी काय म्हटलं ते माझं मला माहीत. आईंनी रिकाम्या फळ्यांकडे पाहिलं, पण टोमणा मारला नाही. त्याने जास्तच लागलं.

उरलेल्या दोन वेली कडुनिंबावर चढल्या. आणि एक नवल पाहिलं. फळीवरून लोंबताना ज्या वेलीची पानं तळहाताएवढीही नव्हती, तीच झाडाला धरून वर चढायला लागल्यावर पान ताटलीएवढं व्हायला लागलं. मग वाचलं, या वेलीचा स्वभावच तो. मूळची ती ताहितीजवळच्या मोरेआ बेटावरची, जंगलात झाडांना धरून चढणारी. खाली सोडली की पानं लहान राहतात. म्हणजे आई "टांगून ठेवलं" म्हणाल्या, त्यात तथ्य होतं.

बाहेरच्यांना आपलं अंजनगाव सुर्जी १८०३ च्या तहामुळे माहीत असतं. आपल्याला ते पानमळ्यांमुळे आणि पानपिंपरीमुळे माहीत. इतकी वर्षं इथे राहून मी मळ्यात कधी पाऊल ठेवलं नव्हतं. आश्विनात यांच्या ओळखीच्या एका मळ्यात गेले. मालकांनी चपला बाहेर काढायला लावल्या, मंदिरासारख्या. आत गेल्यावर बाहेरचं ऊन विसरायला झालं. शेवरी-पांगऱ्याची सावली, कडेने वाऱ्याला आडोसा आणि मधे नागवेली चढलेल्या. मला वाटलं, ही तर मोठी खोलीच सजवलेली आहे.

मी माझी चूक सांगितली तर ते हसले. "काकू, वेलीले ओल पायजे, चिखल नाई. पाणी थोडं थोडं द्या, पण साचू देऊ नका." मग त्यांनी वेल उतरवलेली जागा दाखवली. वेल फार उंच गेली की तिला आधारावरून सोडवून खाली आणतात, खालचा भाग मातीत पुरतात आणि शेंडा परत वर चढवतात. पुरलेल्या पेरांना नवी मुळं फुटतात, वेल जोमाने वाढते. त्यांनी मला मुळं धरलेली दोन रोपं नागवेलीची आणि एक पिंपरीचं दिलं.

आता या वेळी काय केलं ते सांगते.

कुंड्या तीनच, खालच्या फळीवर. माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि जाड वाळू सारख्या मापाने. वर बोटभर नुसती वाळूच. वरचा थर कोरडा राहिला की चिलटांना घर मिळत नाही. जीव जन्मूच न देणं हा खरा यत्नाचार, जन्मल्यावर स्प्रे शोधणं नव्हे. कुंडीला भोक हवंच आणि खालच्या ताटलीत साचलेलं पाणी लगेच ओतायचं. पाण्याच्या बाटलीत वेल ठेवू नका, त्यात डासांच्या अळ्या होतात.

पाणी वारावर नाही, वजनावर द्यायचं. माझी सहा इंची कुंडी ओली असते तेव्हा पावणेदोन किलो भरते, सव्वा किलोवर आली की पाणी. आता हाताने उचलूनच कळतं. खिडकीचा उजेड हवा, दुपारचं ऊन नको. कूलरचा झोत वेलीवर येऊ देऊ नका. मनी प्लांट लावणार असाल तर रांगत्या मुलांपासून दूर ठेवा. पान चावलं तर तोंडाची आग होते.

आणि वेली मी खाली सोडल्या नाहीत. सुती दोऱ्याच्या आधाराने वरच्या फळीपर्यंत आणि तिथून खिडकीच्या चौकटीभोवती चढवल्या. शेंडे आपोआप थोडे झुकतात, तेवढी शोभा पुरते. फार वाढली की कात्री लावत नाही. वेल वाकवून पेर शेजारच्या कुंडीतल्या मातीवर टेकवते आणि केसांच्या आकड्याने दाबून ठेवते. मुळं धरली तरी मूळ वेलीपासून तोडत नाही.

पौषात पिंपरीचं एक पान गळून आईंच्या रजईवर पडलं. त्यांनी उचलून नाकाशी धरलं. बऱ्याच दिवसांनी त्या आपण होऊन बोलल्या. माहेरी अकोटकडे धाब्यावर पिंपरी वाळत घालायच्या, काळी पडेपर्यंत उलटवत बसायच्या, आणि सर्दी झाली की वडील सुंठ, मिरी, पिंपरीचं चाटण द्यायचे. तासभर बोलत होत्या. मी स्वयंपाक सोडून ऐकत बसले.

त्यांचं मत बदललं असं समजू नका. अजूनही म्हणतात, "जीव जमिनीतच बरा. पण आता आणल्या त नीट सांभाळ." पाणी घालायला उशीर झाला की हाक मारतात. चतुर्दशीला दोरासुद्धा बांधू देत नाहीत, वेलीला त्या दिवशी हात लावायचा नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, फोटो बघून कुंड्या आणायला निघाला असाल तर एक करा. आधी एकच आणा. पंधरा दिवस रोज तिची माती बोटाने बघा. तेवढं जमलं तर दुसरी आणा, नाही जमलं तर ती परसात लावून टाका. रिकामी फळीही वाईट दिसत नाही.

जय जिनेंद्र.