सारवायला कोण येणार?

पोहरादेवीला जुन्या घरांवर व्याख्यान ठेवायचं तर पहिली अडचण जुन्या घरांचीच येते. हे बंजारा समाजाचं तीर्थ. इथे सेवालाल महाराजांची समाधी आहे, जगदंबेचं मंदिर आहे आणि रामनवमीच्या यात्रेत पाय ठेवायला जागा नसते. पण तीन-चार पिढ्या मागे गेलं तर आमच्या माणसांचं बिऱ्हाड बैलांच्या पाठीवर दिसतं. मीठ आणि धान्य गोण्यांत भरून लदेणीचे तांडे मुलूखभर हिंडायचे. रेल्वे आली, मालवाहतूक तिने नेली, वर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा धाक. तांडे हळूहळू एका जागी बसत गेले. त्यामुळे तांड्यातलं सगळ्यात जुनं घर म्हणजे फार तर आजा-पणजाने उभारलेली मातीची भिंत आणि वर कवेलू.

शहरातून आलेल्या पाहुण्यांना हे सांगितलं तेव्हा ते जरा हिरमुसले. त्यांनी पडद्यावर दाखवायला आणली होती ती वाड्यांची चित्रं. नक्षीचे खांब, चौक, दिंडीदरवाजे. कारंज्याच्या जैन मंदिरांतलं लाकडी कोरीवकामही होतं आणि ते खरोखर बघण्यासारखंच आहे. केंद्राच्या १९५८ च्या कायद्यात प्राचीन स्मारकाला किमान शंभर वर्षांचं वय लागतं, असंही त्यांनी समजावून सांगितलं. मी शेजारी उभा राहून गोरबोलीत, आमच्या बंजारा बोलीत, उलथा करत होतो. माणसं ऐकत होती, माना डोलावत होती, आणि ही गोष्ट दुसऱ्याच कुणाच्या घराची चालली आहे हे त्यांच्या चेहऱ्यांवर स्पष्ट दिसत होतं. मातीचं घर दरसाल थोडं नवं होतं. त्याचं वय कुठून मोजणार?

शेवटी मागे बसलेल्या एका याडीने, आईच्या वयाच्या बाईने, विचारलं, "मास्तर, घर राहू द्या म्हणता. राहू देऊ. पण सारवायला कोण येणार? माझे गुडघे गेले, सुना उसाला गेल्या."

पाहुण्यांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. पण पुढचा कार्यक्रम सभागृहात घ्यायचा नाही, एवढं त्या प्रश्नाने ठरवलं.

कार्यशाळा घेतली ती एका घराच्या ओसरीत. मालकाने काही वर्षांपूर्वी भिंत मजबूत व्हावी म्हणून बाहेरून सिमेंटचं प्लॅस्टर करून घेतलं होतं. बोलावलेल्या म्हाताऱ्या गवंड्याने बोटाच्या पेराने भिंत वाजवली. पोकळ आवाज आला. थापीचं टोक घालून त्याने जरा उचकटलं तर प्लॅस्टरचा भला मोठा पापुद्रा सुटून आला. मागे माती ओलीगच्च, आणि त्यात उधळीच्या वाटा. मातीची भिंत ओल घेते आणि उन्हात सोडूनही देते. सिमेंटने तिची बाहेरची वाट बंद केली की ओल आतच मुरते आणि भिंत आतून बसत जाते. पैसे खर्चून घर मारायची ही रीत आमच्याकडे घरोघरी आहे.

दुसरं कारण पायाशी सापडलं. गल्लीतला सिमेंटचा रस्ता दर खेपेला जुन्या थरावरच ओतलेला. रस्ता चढत गेला, जोतं खाली राहिलं, पावसाचं पाणी थेट भिंतीला. गवंडी म्हणाला, "आधी चर खोदा, मग भिंतीचं बोला." दुपारपर्यंत पोरांनी चरच खोदला. वारसा जतनाच्या कार्यशाळेचा फोटो म्हणून तो काही फार शोभिवंत नव्हता.

मग माती. आमची शेतातली काळी भिंतीला चालत नाही. ती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. लागते पांढरी. गवंड्याने ओल्या मातीचा गोळा वळून कमरेएवढ्या उंचीवरून टाकायला लावला. फुटून विखुरला तर वाळू जास्त, थबकन चपटा झाला तर पाणी जास्त. बायकांना हे शिकवायची गरज पडली नाही, उलट त्यांनीच पाहुण्यांना शिकवलं. गव्हाचं कुटार, शेण, पाणी घालून चिखल तुडवायचा आणि काही दिवस मुरू द्यायचा. कुटार मिळालं, शेणाला मात्र आठ घरं फिरावं लागलं. ट्रॅक्टर आल्यापासून गोठे रिकामे. ज्वारी जाऊन सोयाबीन आलं, तसा छपरावर घालायला कडबाही गेला. घरं पडतात ती नुसती हौस सरली म्हणून नव्हे. घर ज्याच्यावर उभं होतं ती शेतीच बदलली.

घरं पडण्यात घरकुलाचाही वाटा आहे. पंतप्रधान आवास योजनेत सपाट भागात घरकुलाला १ लाख २० हजार रुपये मिळतात, घर किमान २५ चौरस मीटरचं बांधायचं. मातीच्या भिंतीचं घर, कितीही नेटकं ठेवलेलं असो, कच्च्यातच मोजलं जातं. जागा तेवढीच, म्हणून जुनं पाडून नवं होतं. पाडणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. पावसात रात्रभर भांडी मांडून बसलेल्या माणसाला वारशाचं प्रवचन देणं मला जमत नाही. पण धड उभ्या असलेल्या भिंतीची डागडुजी करायलाही काही अनुदान हवं की नको?

५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवीत नंगाऱ्याच्या आकाराच्या बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झालं. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. आपल्या माणसांचा इतिहास एवढ्या थाटात मांडलेला पाहून पोरांची छाती फुगते, आणि ती फुगलीच पाहिजे. फक्त संग्रहालयात ओसरी सारवायला लागत नाही, तांड्यात लागते.

त्या ओसरीची भिंत आता मातीनेच लिंपली आहे, चरही टिकून आहे. म्हणून वारशावर व्याख्यानं ठेवणाऱ्यांना एक विनंती. पोहरादेवीला या, पण मृगाच्या आधी, कवेलू फेरायच्या दिवसांत या. आणि हार-शाल, मानधन ठरवण्याआधी कुटार, शेण आणि सारवणाऱ्या बायकांच्या मजुरीचे पैसे बाजूला काढा.