आईची हिशेबाची वही

सत्तरच्या दशकात ज्यांचं बालपण चाळीत नाहीतर वाड्यातल्या दोन खोल्यांत गेलं, त्यांना जून महिना आठवतो तो दाभणासकट. गेल्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पानं वेगळी काढून, दाभणाने भोकं पाडून वडील जाड दोऱ्याने कच्ची वही शिवत. पुस्तकं वरच्या वर्गातल्या दादा-ताईंकडून निम्म्या किमतीत येत. धाकट्याचा शर्ट थोरल्याच्या अंगावरून आलेला, आणि थोरल्याचा वाढत्या अंगाचा.

आजीचं नऊवारी विरलं की मऊ भागाची बाळाला दुपटी, उरलेल्याची गोधडी आणि अगदी शेवटी चुलीपाशी पोतेरं. साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवायची. बोहारीण आली की आई जुन्या कपड्यांवर पातेलं पदरात पाडून घेतल्याशिवाय तिला उठू देत नसे.

खरी बचत चाले ती स्वयंपाकघरात. रॉकेल रेशनवर. म्हणून डाळ आधी भिजत घालायची, कुकरमध्ये वरण, भात, बटाटे एकदम लावायचे. स्टोव्ह एकदा पेटला की चहापासून आंघोळीच्या पाण्यापर्यंत सगळं ओळीने उरकायचं. दोडक्याच्या शिरांची तीळ घालून चटणी. रात्रीच्या पोळ्यांचा सकाळी कांदा घालून कुस्करा, उरलेल्या भाताला फोडणी. दुधावरची साय विरजून लोणी, लोण्याचं तूप, ताकाची कढी. आणि तूप कढवल्यावर तळाशी राहिलेली बेरी, साखर घालून, आमची! तिच्यासाठी आम्ही भावंडं भांडलो आहोत.

१९७२ साली दुष्काळ होता, रेशनवर मिलो ज्वारी येई. त्याच वर्षी मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर या नेत्यांसोबत बायका महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. पुढे लाटणं हीच त्या मोर्च्यांची खूण झाली. पैशापैशाचा मेळ घालणाऱ्या या बायकांना महागाई कुणी समजावून सांगावी लागली नव्हती.

पगाराच्या संध्याकाळी आई वही उघडून बसे. वाणी, दूध, भाडं, फी यांचे पैसे वेगवेगळ्या पाकिटांत जात. पोस्टाच्या रिकरिंगचे पैसे सर्वांत आधी बाजूला निघत, महिनाअखेर उरले तर भरू असं नाही. डाळीच्या डब्यात खुपसलेली नोट वहीत कधीच नसे. ती अडीनडीची.

पण या घराला कुणी चिक्कू म्हटलं नाही. आमच्या दोन खोल्यांत गावाकडचा आतेभाऊ शिकायला राहिला, तीन वर्षं. दारी आलेला माणूस चहा घेतल्याशिवाय गेला नाही. शेजारच्या मुलीच्या लग्नात डाळीच्या डब्यातली नोट निघाली. चिपटी साठवणारा हात वेळेला सैल सुटायचा, आणि तो सुटावा म्हणूनच एरवी आवळलेला असायचा.

एक गोष्ट मात्र मोठेपणी उमगली. या साऱ्या बचतीचे कष्ट आईचे होते, आणि शिळी पोळीही बहुतेक वेळा तिच्याच ताटात असे. म्हणून ते दिवस जसेच्या तसे परत यावेत असं मी म्हणणार नाही. तिचा हिशेब मात्र आपण सगळ्यांनी मिळून उचलावा. येत्या पगाराला घरातल्या सर्वांनी एकत्र बसावं, मुलांनाही बसवावं, आणि वहीच्या पहिल्या ओळीत शिलकीचा आकडा लिहावा. खर्च त्याच्या खाली.