बॉल कपाटात ठेवायचा नाही

१५ सप्टेंबर २०१७ या एकाच दिवशी महाराष्ट्रातल्या शाळाशाळांतून दहा लाख मुलामुलींनी फुटबॉल खेळायचा, असं सरकारनं ठरवलं होतं. सतरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल वर्ल्ड कप पहिल्यांदाच भारतात होणार होता. ६ ते २८ ऑक्टोबर, सहा ठिकाणी, आणि त्यातलं एक नवी मुंबई. त्याचं वातावरण तयार व्हावं म्हणून हे 'मिशन वन मिलियन'. मी तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्णा तालुक्यात एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवत होतो. आमच्याकडेही नवे बॉल आले. पटांगणावर कबड्डीच्या रेघा नि खो-खोचे खांब कायमचे; फुटबॉल मात्र बहुतेक पोरांनी टीव्हीवरच पाहिलेला.

बॉलच्या आधी मतं येऊन पोचली होती. चहाच्या टपरीवर एका काकांनी मला थांबवलं. तरुणपणी मंडईच्या जत्रेतल्या कबड्डी सामन्यांत त्यांच्या पकडीला लोक घाबरायचे. "कायले पाहिजे जी सर हा फुटबॉल? आपली कबड्डी का वाईट आहे?" त्यांचं दुखणं मला समजत होतं. कबड्डीच्या पोरांना साधी मॅट मिळत नाही, आणि हा पाहुणा खेळ सरकारी थाटात येतो. शेजारी बसलेल्या तरुणाचं मत वेगळं होतं : भारत यजमान म्हणून आत गेला, नाहीतर आपल्याला कोण विचारतं, आता घरच्याच मैदानावर पाच-पाच गोल खाणार. यजमान म्हणून प्रवेश मिळाला हे खरंच होतं. गट कठीण होता हेही खरं : अमेरिका, कोलंबिया, घाना. तिसरं मत शिक्षकांच्या खोलीतलं. त्या दिवशी खेळवा, फोटो काढा, अहवाल पाठवा आणि बॉल जपून कपाटात ठेवा, तपासणीला दाखवावे लागतील. पहिल्या दोन मतांशी मला भांडावंसं वाटलं नाही. या तिसऱ्याशी मी भांडलो.

कारण भारताच्या एकवीस जणांच्या संघाची यादी माझ्यासमोर होती. त्यातले आठ खेळाडू मणिपूरचे. कर्णधार अमरजित सिंगही तिकडचाच, त्याची आई मासळी विकायची. २०११च्या जनगणनेत मणिपूर साडेअठ्ठावीस लाखांच्या आसपास, आणि आमचा एकटा चंद्रपूर जिल्हा बावीस लाखांचा. सव्वाअकरा कोटींच्या महाराष्ट्रातून त्या संघात एकच नाव होतं, अनिकेत जाधव, कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा. तोही कोल्हापूरचाच असावा यात नवल नाही. तिथं तालमी-मंडळांचे फुटबॉल संघ आहेत, शाहू स्टेडियमवर सामन्याला गर्दी लोटते, लहान पोर चालायला लागलं की बॉलला लाथ मारतं. मणिपुरात काय नि कोल्हापुरात काय, बॉल रोज पायाशी असतो. आमच्या पोरांचे पाय त्यांच्यापेक्षा कमी चपळ आहेत असं मला कोणी दाखवून द्यावं. भाताच्या रोवणीच्या दिवसांत बांधीच्या अरुंद धुऱ्यावरून डोक्यावर पऱ्ह्यांचं, म्हणजे रोपांचं, ओझं घेऊन न घसरता पळणारी ही पोरं. तोल त्यांना शिकवावा लागत नाही.

शिकवावा लागतो तो स्पर्श. नवीन पोर बॉल दिसला की अंगठ्याच्या टोकानं ठोकतं. बॉल दूर जातो, सगळे ओरडतात, त्याला वाटतं जमलं. गंमत म्हणजे ज्यांच्या पायात बूट होते त्यांची ही सवय जाता जाईना. अनवाणी पोरांचा अंगठा दोनदा कळवळला की ती आपोआप पाय आडवा करून टाचेपासून अंगठ्यापर्यंतच्या आतल्या बाजूनं ढकलायला लागत. मग मी फक्त दुसऱ्या पायाकडे लक्ष द्यायला सांगायचो. तो बॉलच्या शेजारी, जिकडे पास द्यायचा तिकडे तोंड करून रोवायचा. घोटा ताठ ठेवायचा. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते आणि फ्रान्सकडून २-१ असे हरले, तेही दोन पेनल्टी वाया घालवून. हे सांगितल्यावर आमची अनवाणी रांग ताठ झाली. बूट हवेतच, पाय सोलवटतात, काटे रुततात. पण बूट येईपर्यंत वाट बघायची गरज नाही, एवढं त्यांना पटलं.

गोलसाठी एका पालकांनी बांबू तोडून आणून दिले. मी मुद्दाम लहान गोल केले, दोन पावलांएवढे. मोठ्या गोलात कसाही मारलेला बॉल जातो, लहान गोलात नेम धरावा लागतो. आणि चार विरुद्ध चार खेळवायचं. अकरा-अकरांचे संघ पाडले की बॉल दोन-तीन दांडग्यांकडेच फिरतो, बाकीचे उभे राहून टाळ्या वाजवतात. चौघांत लपायला जागा नसते. सातवीतली एक मुलगी होती, वर्गात तोंड न उघडणारी. तिनं तळव्याखाली बॉल थांबवला, आणि लगेच न मारता मान वर करून पाहिलं की कोण मोकळं आहे. पुष्कळ मोठ्या खेळाडूंना जन्मभर हे जमत नाही. मी शिट्टी वाजवायचं थांबवलं आणि तिला खेळू दिलं. कुंपणाच्या बाभळीच्या काटेरी फांदीवर एक बॉल पंक्चर झाला तेव्हा सायकलवाल्या भाऊंनी तो दुरुस्त करून दिला, पैसे घेतले नाहीत.

पंधरा तारीख आली, गेली. फोटो निघाले, पोरं चिखलानं माखली, सगळ्यांना मजा आली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी बॉल परत बाहेर काढले. त्यावरून मला बोलणी बसली, पण कपाटाची किल्ली माझ्याकडेच राहिली.

६ ऑक्टोबरला दिल्लीत अमेरिकेनं भारताला ३-०नं हरवलं. टपरीवरचं भाकीत पाचाचं होतं, तरी तो तरुण खूश दिसला. ९ तारखेला रात्री आठ वाजता कोलंबियाशी सामना होता. जवळपासची पोरं माझ्या घरी जमली, दारात चपलांचा ढीग. काकाही आले, "बघू तर द्या" म्हणत. उत्तरार्धात कोलंबियानं गोल केला. ८२व्या मिनिटाला भारताला कॉर्नर मिळाला, संजीव स्टॅलिननं बॉल आत टाकला आणि जॅक्सन सिंगनं उंच उडी घेऊन डोक्यानं तो जाळीत मारला. फिफाच्या वर्ल्ड कपमध्ये भारताचा तो पहिला गोल. घरात काय झालं ते सांगता येणार नाही, काकांनी मला मिठी मारली. आणि पुढच्याच मिनिटाला कोलंबियानं दुसरा गोल केला. १-२. घानाविरुद्ध मग ०-४ झालं.

कोलंबियाच्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी पटांगणावर माझ्या आधी पोरं हजर होती. त्यांना कॉर्नर शिकायचा होता, तो शिकवला. पण सातवीतल्या त्या मुलीनं विचारलं, "सर, गोल केल्यावर लगेच खाल्ला कसा जी?" तेव्हा कॉर्नर बाजूला ठेवला. गोल झाला की सगळे पळत एका जागी गोळा होतात, मन त्या गोलातच अडकलेलं असतं, आणि समोरचा संघ मधून बॉल सुरू करतो. म्हणून नवा सराव बसवला. लहान गोलात बॉल गेला की चौघांनी ओरडायचं ते ओरडायचं, पण मी दहा म्हणेपर्यंत आपापल्या जागी परत. जागा कोणाची कुठली यावरून त्यांचं जोरात भांडण झालं. काका कुंपणापाशी उभे होते. ते आत आले, विटेनं रेघा मारून जागा आखून दिल्या, आणि आकडे मोजायचं काम माझ्याकडून काढून घेतलं.