पाचामुखी परमेश्वर, पण कोणत्या पाचांच्या?

पाचामुखी परमेश्वर म्हणतात. पण पाचांतले तिघे एकीकडे आणि दोघे दुसरीकडे गेले तर परमेश्वर कुणाच्या तोंडून बोलतो, याबद्दल म्हण गप्प आहे. प्रश्न बाष्कळ वाटेल. पण सॉफ्टवेअरच्या टीममध्ये एखाद्या मॉड्यूलच्या रचनेवरून जुंपते, कोड रिव्ह्यूत कॉमेंटवर कॉमेंट चढते आणि कुणीतरी कंटाळून ‘चला, हात वर करा’ म्हणते, तेव्हा प्रश्न हाच असतो. हात मोजले की भांडण मिटते, आक्षेप मिटतोच असे नाही. लॉक न लावता दोन थ्रेड एकाच डेटावर लिहू लागले तर घोळ होईल, ही दोघांची शंका तिघांच्या मताने खोटी ठरत नाही. ती एखाद्या रात्री सर्व्हरवर खरी ठरते.

इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये म्हणूनच मतमोजणीला थारा नाही. सभेत अध्यक्ष विचारतात आणि लोक तोंड मिटून हुंकार देतात. हुंकार धड मोजता येत नाही, आणि तेच बरे. त्यावरून निकाल लावायचा नसतो, बोलायचे काय राहिले आहे याचा अदमास घ्यायचा असतो. 2014 च्या आरएफसी 7282 या तिथल्याच दस्तऐवजात तर म्हटले आहे की शंभर बाजूने आणि पाच विरोधात असूनही सहमती झालेली नसेल, आणि पाच बाजूने, शंभर विरोधात असतानाही ती झालेली असू शकेल. इथेही पाचच निघावेत, ही गंमत! कसोटी एवढीच, की प्रत्येक आक्षेपाचा विचार झाला का. तो मान्य व्हायलाच हवा असे नाही; कारण देऊन बाजूला ठेवला तरी चालतो.

यावर कुणी म्हणेल, शुक्रवारी रिलीज आहे, हुंकार कसले ऐकत बसता? लीडने ठरवावे आणि कामाला लागावे. मुद्दा खोटा नाही. पायथन भाषेत वर्षानुवर्षे शेवटचा शब्द तिचे जनक गिडो व्हान रॉसम यांचाच असे. मग पीईपी 572 हा प्रस्ताव आला: कोलनला बरोबरचे चिन्ह जोडायचे आणि अटीच्या आतच व्हेरिएबलला किंमत द्यायची. मान वाकडी करून पाहिले तर दोन डोळे, दोन सुळे; म्हणून त्याला ‘वॉलरस’ म्हणतात. एवढ्याशा चिन्हावरून इतके रान उठले की प्रस्ताव मंजूर करून जुलै 2018 मध्ये व्हान रॉसम त्या भूमिकेतून बाजूला झाले. एकाने ठरवले की वाद संपत नाही, त्या एकाच्या अंगावर येतो, असे मी यावरून म्हणणार होतो. पण त्याच प्रस्तावात नाकारलेले पर्याय आणि नेहमीचे आक्षेप उत्तरांसह लिहून ठेवलेले आहेत. म्हणजे आयईटीएफची कसोटीही बरीचशी पाळली गेली होती, तरी मने निवली नाहीत. उत्तर पुरेसे झाले हे ठरवायचे कुणी? देणाऱ्याला ते नेहमीच पुरेसे वाटते, आणि ऐकणारा गप्प झाला तर तो पटून गप्प झाला की थकून, हे कोणत्याही रिव्ह्यूत दिसत नाही.

पुढे पायथनचा कारभार निवडून आलेल्या पाच जणांच्या मंडळाकडे गेला. 2019 च्या पहिल्या मंडळात व्हान रॉसमही होते. हे मंडळ आपले अधिकार बहुमताने वापरते. मात्र मतदानापेक्षा सहमती शोधलेली बरी, असे त्याच्याच नियमांत लिहिले आहे.